हेलिकॉप्टरच्या इमर्जन्सी लँडिंगचा सराव आणि त्यात होणारे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आपत्कालीन लँडिंगचा सराव सुरू असताना हेलिकॉप्टर कोसळलं’ अशी बातमी आली की खालच्या प्रतिक्रियांमध्ये तेच तेच प्रश्न दिसतात. काही भाबडे असतात, काही अगदी नेमके. हेलिकॉप्टर उडवायला शिकणारे, शिकू पाहणारे, त्यांचे आईवडील आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक, या सगळ्यांसाठी त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

इमर्जन्सी लँडिंगचा सराव म्हणजे नक्की काय करतात?

बहुतेक वेळा इंजिन बंद पडल्याची नक्कल करतात. ठरलेल्या उंचीवर प्रशिक्षक थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ) कमी करून इंजिन आयडलवर, म्हणजे किमान वेगावर आणतो. शिकणाऱ्याने लगेच डाव्या हातातला कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) खाली करायचा, पेडलने नाक सरळ धरायचं, सायक्लिकने (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या दांड्याने) वेग सांभाळायचा आणि इंजिनाच्या ताकदीशिवाय खाली येत राहायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. पायलट मंडळी नुसतं ‘ऑटो’ म्हणतात.

जमिनीजवळ आल्यावर नाक वर उचलून वेग मोडायचा. हा फ्लेअर. त्यानंतर हेलिकॉप्टर आडवं करून एकतर खरोखर टेकवायचं, नाहीतर थ्रॉटल परत देऊन जमिनीपासून काही फुटांवर हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबायचं. यातल्या दुसऱ्या पद्धतीला पॉवर रिकव्हरी म्हणतात आणि नागरी प्रशिक्षणात बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

टेल रोटर (शेपटीवरचा छोटा पंखा) निकामी होणं, हायड्रॉलिक्स जाणं, दोनपैकी एक इंजिन बंद पडणं याचेही सराव होतात. बातम्यांत सर्वात जास्त दिसते ती मात्र ऑटोच.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर धाडकन खाली पडत नाही?

नाही. इंजिन आणि रोटर (वर फिरणारी मोठी पाती) यांच्यामध्ये फ्रीव्हील असतं. सायकलवर उतारावर पेडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसंच हे. इंजिन थांबलं तरी ते रोटरला ओढून थांबवत नाही. कलेक्टिव्ह खाली केला की पात्यांचा कोन कमी होतो, खालून वर येणारी हवा पात्यांमधून जाते आणि तीच त्यांना फिरवत ठेवते. म्हणजे हेलिकॉप्टर आपली उंची खर्च करून रोटरचे फेरे विकत घेतं आणि शेवटी ते फेरे खर्चून हळू उतरतं.

ही कल्पना आजच्या हेलिकॉप्टरांपेक्षाही जुनी आहे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ मध्ये याच तत्त्वावर ऑटोगायरो (हवेनेच फिरणाऱ्या रोटरवर उडणारं यान) उडवला. वेग कमी झाल्यावर विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून पडतं, त्यावर त्यांना इलाज हवा होता. दैव पाहा: १९३६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघालेल्या साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात ते गेले.

पायलटला किती वेळ मिळतो?

आर-२२ हे दोन आसनी प्रशिक्षण हेलिकॉप्टर उदाहरणादाखल घेऊ. ऑटोमध्ये ते मिनिटाला साधारण १,५०० ते २,००० फूट या वेगाने खाली येतं. मधला आकडा धरला तर सेकंदाला जवळजवळ तीस फूट. ५०० फुटांवर इंजिन गेलं तर जमिनीपर्यंत जेमतेम सतरा-अठरा सेकंद मिळतात. एवढ्यात जागा निवडायची, वाऱ्याकडे तोंड करायचं आणि उतरायचं.

पण खरी घाई अगदी सुरुवातीला असते. आर-२२ चा रोटर हलका आहे, त्यात साठलेली ऊर्जा थोडी. इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह खाली करायला पायलटच्या हातात सेकंद-दीड सेकंद असतो. तेवढ्यात हात हलला नाही तर फेरे इतके घसरतात की पाती स्टॉल होतात. उत्पादकाने दिलेला ढोबळ हिशेब असा: नेहमीच्या फेऱ्यांच्या ८० टक्के, अधिक दर हजार फूट उंचीमागे एक टक्का, याच्या खाली फेरे गेले की रोटर स्टॉल होतो. एकदा ते झालं की कितीही उंची शिल्लक असली तरी उपयोग नाही.

मग सरावात अपघात नेमका कुठे होतो?

शेवटच्या शंभर फुटांत.

आर-२२ मध्ये सुमारे ४० फुटांवर फ्लेअर सुरू करतात आणि आठेक फुटांवर सायक्लिक पुढे करून हेलिकॉप्टर आडवं करतात. सेकंदाला तीस फुटांनी खाली येणाऱ्या यंत्रासाठी १०० फूट म्हणजे साडेतीन सेकंद. चुकायला तेवढे पुरतात. फ्लेअर उशिरा केला तर आपटतं. लवकर केला तर वेग वरच संपतो आणि उरलेलं अंतर हेलिकॉप्टर पडतं. नाक फार उचललं तर शेपूट आधी जमिनीला लागते. टेकताना हेलिकॉप्टर तिरकं सरकत असेल आणि स्किड (चाकांऐवजी असलेली खालची नळी) गवतात किंवा मऊ मातीत अडकला, तर त्या स्किडभोवती ते क्षणात कलंडतं. जोरात आपटल्यावर रोटरची पाती खाली वाकतात आणि स्वतःच्याच शेपटीला कापतात. फोटोत शेपूट तुटून बाजूला पडलेली दिसते, तेव्हा ती हवेत तुटली असं समजू नका. बऱ्याचदा ती जमिनीवर टेकल्यानंतरच गेलेली असते.

पॉवर रिकव्हरीत आणखी एक खोच आहे. आर-२२ च्या फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर दोन काटे असतात, एक इंजिनाचा आणि एक रोटरचा. एरवी ते जोडीने एका रेषेत असतात. थ्रॉटल कमी केला की इंजिनाचा काटा खाली सुटतो, रोटरचा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे सुरक्षित मर्यादेत राहतो. परत ताकद हवी असेल तेव्हा हे दोन काटे वेळेत पुन्हा जुळले पाहिजेत. प्रशिक्षकाने थ्रॉटल उशिरा दिला, किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरल्याने आयडलवरचं इंजिन खरंच बंद पडलं, तर सराव तिथेच संपतो आणि खरी आणीबाणी सुरू होते, तीही ३० फुटांवर. शिवाय ताकद परत येताच नाक एका बाजूला फिरतं. त्यासाठी पेडल लगेच लागतं, आणि गोंधळलेला विद्यार्थी नेमकं उलटं पेडल दाबतो.

प्रशिक्षक शेजारीच असतो, त्याच्याकडेही नियंत्रणं असतात. मग तो सावरत का नाही?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि ‘प्रशिक्षक अनुभवी होता’ या वाक्याने तो सुटत नाही.

प्रशिक्षकाला दोन उलट कामं एकाच वेळी करायची असतात. विद्यार्थ्याला स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करू द्यायची, नाहीतर तो शिकणार कसा? आणि ती चूक हाताबाहेर जायच्या आत नियंत्रण घ्यायचं. वेग थोडा कमी आहे, फेरे थोडे खाली आहेत, वळण अजून पुरतं संपलेलं नाही, ‘बघू या, सावरतोय का’ असा विचार करण्यात दोन सेकंद जातात. वर हजार फुटांवर दोन सेकंद गेले तर काही बिघडत नाही. ८० फुटांवर गेले की प्रशिक्षकाच्या हातीही काही उरत नाही.

म्हणूनच आर-२२ आणि आर-४४ बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीने सराव-ऑटोतल्या अपघातांवर वेगळी सुरक्षा सूचना काढली. त्यातला नियम स्वच्छ आहे: १०० फूट पार करताना रोटरचे फेरे हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर, वेग ६० ते ७० नॉट्समध्ये स्थिर, खाली येण्याचा दर नेहमीइतका आणि वळण पूर्ण झालेलं, या चारही गोष्टी जुळल्या नसतील तर तत्काळ पॉवर रिकव्हरी. चारपैकी तीन चालत नाहीत. घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची) ४,००० फुटांच्या वर असेल तर हा निर्णय २०० फुटांवर किंवा त्याहून वर घ्यायचा.

त्याच सूचनेत आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तो सर्वात कमी पाळला जातो. बरेच सराव-अपघात लागोपाठ पुष्कळ ऑटो केल्यानंतर होतात. म्हणून सलग तीन-चारपेक्षा जास्त करू नयेत. तासाचं भाडं मोजणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, आलोच आहोत तर आणखी दोन मारू. प्रशिक्षकही दमलेला असतो, पण नाही म्हणायला जड जातं.

न सांगता अचानक थ्रॉटल कमी करणं योग्य आहे का?

खरं इंजिन सांगून बंद पडत नाही, तेव्हा सरावही अचानकच हवा, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. हलक्या रोटरच्या हेलिकॉप्टरात तो जीवघेणा आहे. दचकलेला विद्यार्थी कलेक्टिव्ह खाली करण्याऐवजी वर ओढतो, उलटं पेडल दाबतो किंवा नुसता थिजून बसतो. रॉबिन्सनची याबद्दलही वेगळी सूचना आहे. आधी सांगावं, थ्रॉटल हळूहळू कमी करावा आणि प्रशिक्षकाने स्वतःचे हात नियंत्रणांवर ठेवून तयार राहावं. अचानकपणा शिकवायचा तर तो नंतर, विद्यार्थ्याचा हात आपोआप खाली जायला लागल्यावर.

आर-२२ चं नाव सारखं का येतं? ते हेलिकॉप्टर खराब आहे का?

खराब नाही, पण चुकीला माफ करत नाही. फ्रँक रॉबिन्सन यांनी ते लोकांना स्वतःसाठी घेता येईल असं स्वस्त आणि हलकं हेलिकॉप्टर म्हणून बनवलं. १९७९ मध्ये त्याला अमेरिकेत प्रमाणपत्र मिळालं. पुढे ते स्वस्त म्हणून जगभरच्या फ्लाइंग स्कूलनी उचललं आणि नवशिक्यांच्या हाती गेलं. त्यातून झालेल्या अपघातांनंतर १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने) आर-२२ आणि आर-४४ साठी खास नियम आणला: कमी फेरे, रोटर स्टॉल, लो-जी (उडताना क्षणभर वजन हरपल्यासारखी स्थिती) आणि ऑटोरोटेशन यांचं वेगळं प्रशिक्षण सक्तीचं, आणि आर-२२ मध्ये एकट्याने उडण्याआधी प्रशिक्षकासोबत किमान २० तास.

बेल-२०६ सारख्या जड रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये चुकीला थोडी जास्त जागा असते. फ्रेंच कॅब्री जी-२ तर प्रशिक्षण डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेलं आहे. पण तासाचा दर पाहिला की विद्यार्थी पुन्हा आर-२२ कडेच वळतात.

सरावातच एवढे अपघात होत असतील तर सराव बंद का करत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. प्रत्यक्षात इंजिन बंद पडणं दुर्मीळ, आणि त्यासाठीच्या सरावात दरवर्षी हेलिकॉप्टरं मोडतात. हे खुद्द रॉबिन्सन कंपनीच आपल्या सूचनेत कबूल करते.

पण ‘सराव’ हा एकसंध प्रकार नाही. पहिला भाग, म्हणजे इंजिन गेल्याचं ओळखून कलेक्टिव्ह खाली करणं, वेग धरणं, जागा निवडणं, हा उंचावर करता येतो, तुलनेने सुरक्षित आहे आणि जीव वाचवतो तो मुख्यतः हाच. शेवटचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष टेकणं, धोक्याचा आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी सुवर्णमध्य काढला आहे: सर्वसाधारण विद्यार्थ्यांना पॉवर रिकव्हरी, आणि टेकण्यापर्यंतची ऑटो मुख्यतः प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांना. अमेरिकी लष्कराने लाकोटा हेलिकॉप्टर प्राथमिक प्रशिक्षणासाठी घेतलं तेव्हा टेकण्यापर्यंतची ऑटो त्यात ठेवली नाही. त्यावर जुन्या प्रशिक्षकांनी बरीच नाराजी दाखवली. मला दोन्ही बाजू पटतात. तरी पन्नास-साठ तासांच्या विद्यार्थ्याने टेकण्यापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये.

ऑटोरोटेशनने खरंच कोणी वाचलं आहे का?

सर्वात थोर उदाहरण २१ जून १९७२ चं. फ्रान्समधल्या इस्त्र इथून ज्याँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. उंचीचा विक्रम झाला, ताकद कमी करताच इंजिन विझलं आणि परत सुरू होईना. बुले तिथून थेट जमिनीपर्यंत ऑटोने उतरले, सुखरूप. एव्हरेस्टच्या साडेतीन किलोमीटर वरून, इंजिनाशिवाय. हे लामा मुळात भारतीय सैन्याच्या उंच पहाडी गरजेसाठी विकसित झालं होतं. एचएएलने ते परवान्याने बनवलं आणि आपण त्याला ‘चीता’ म्हणून ओळखतो.

उलट उदाहरणंही आहेत. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ग्लासगोत पोलिसांचं ईसी-१३५ एका पबच्या छतावर कोसळलं आणि दहा जण गेले. मुख्य टाकीत इंधन होतं, पण ते पुढे नेणारे पंप बंद होते. ३२ सेकंदांच्या अंतराने दोन्ही इंजिनं विझली. जमिनीवर येईपर्यंत रोटर थांबलेला होता. आणि ११ मार्च २०१८ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये पायलटने ऑटोने हेलिकॉप्टर पाण्यावर उतरवलं, पण फ्लोट (पाण्यावर तरंगवणाऱ्या हवेच्या पिशव्या) नीट फुगले नाहीत, ते उलटलं आणि हार्नेसमध्ये अडकलेले पाचही प्रवासी बुडाले. पायलट तेवढा बाहेर पडू शकला.

दोन इंजिनं असली तर हा प्रश्नच नाही ना?

कमी होतो, संपत नाही. ६ जुलै २०१६ ला टेक्सासमध्ये बेल-५२५ चं चाचणी-उड्डाण चालू होतं. १८५ नॉट्सच्या वेगात एक इंजिन गेल्याची नक्कल केली. रोटरचे फेरे घसरले, जबर कंपनं सुरू झाली, त्यातून सावरणं जमलं नाही आणि हेलिकॉप्टर हवेतच तुटलं. दोन्ही चाचणी-वैमानिक गेले. तेही कसलेले.

सिम्युलेटरवर करून भागत नाही?

पहिल्या भागासाठी उत्तम. हात आपोआप खाली जाण्याची सवय तिथे हजार वेळा लावता येते आणि कोणी मरत नाही. फ्लेअरची उंची मात्र डोळ्यांच्या कडेने दिसणाऱ्या जमिनीवरून कळते. छोट्या स्कूलना परवडणाऱ्या सिम्युलेटरमध्ये ती नीट दिसत नाही.

अपघातानंतर आग का लागते?

आपटल्यावर टाकी फुटते म्हणून. आर-४४ च्या जुन्या अॅल्युमिनियमच्या टाक्यांबद्दल अशा तक्रारी झाल्यावर २०१० मध्ये कंपनीने आत लवचिक पिशव्या असलेल्या टाक्या बसवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये चार जणांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर तिथल्या नियामकाने ते बंधनकारक केलं. स्कूल निवडताना हे जरूर विचारा.

आपल्याकडे हे प्रशिक्षण कुठे चालतं?

भूदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल नाशिकला आहे. नाशिक रोड, देवळाली परिसरातल्या लोकांना डोक्यावरून जाणारी चीता-चेतक अनोळखी नाहीत. हवाई दलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण तेलंगणातल्या हकीमपेटला, नौदलाचं तमिळनाडूतल्या आयएनएस राजाळीवर. नौदलाची हेलिकॉप्टरं मुंबईच्या आयएनएस शिक्रावरून आणि गोव्यातल्या आयएनएस हंसावरूनही उडतात. ८ मार्च २०२३ ला मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या एएलएच (स्वदेशी ‘ध्रुव’) हेलिकॉप्टरची ताकद आणि उंची अचानक घटली. वैमानिकांनी ते सावरून पाण्यावर उतरवलं आणि तिघेही वाचले. तो सराव नव्हता, खरा प्रसंग होता.

जाता जाता: चीता-चेतकचा रोटर अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून एकावर शिकून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकाला पेडलची सवय नव्याने लावावी लागते.

चौकशी कोण करतं? अहवाल वाचायला मिळतो का?

नागरी अपघाताची चौकशी एएआयबी (विमान अपघात तपास विभाग) करते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यायला हवा. अंतिम अहवाल एएआयबीच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. लष्करी अपघाताची कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते आणि तिचा अहवाल सहसा बाहेर येत नाही. चौकशीचा हेतू दोषी शोधणं नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या ‘वैमानिकाची चूक’ छापाच्या मथळ्यांवर लगेच विश्वास ठेवू नये.

मुलगी हेलिकॉप्टर शिकायला निघाली आहे. स्कूलला काय विचारू?

इमारत किती चकचकीत आहे ते सोडा. ऑटो कोणत्या उंचीवरून सुरू करता? ऑटो मोडून परत वर जायचा निर्णय कोणत्या उंचीवर घेता, आणि तो लेखी आहे का? एका सॉर्टीत (एका उड्डाणात) सलग किती ऑटो करता? प्रशिक्षक दिवसाला किती तास उडतो? वारा आणि तापमान कितीपर्यंत असेल तर सराव रद्द करता? ज्याला ही उत्तरं चटकन देता येतात, तो या गोष्टी रोज पाळत असण्याची शक्यता जास्त.

एक प्रश्न मुलीलाही विचारा: ‘आज नको’ असं प्रशिक्षकाला सांगायला तुला अवघड वाटेल का? उत्तर ‘हो’ आलं, तर प्रशिक्षक बदलून मागा.

आमच्या शेतात हेलिकॉप्टर उतरलं किंवा पडलं तर काय करायचं?

आधी ११२ ला फोन. पाती फिरत असतील तोवर जवळ जाऊ नका. थांबता थांबता ती खाली झुकतात आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतात. शेपटीकडून तर कधीच जाऊ नका, कारण फिरणारा टेल रोटर दिसतच नाही. जमीन उताराची असेल तर वरच्या बाजूने उतरत जाऊ नका. विडी-सिगारेट लांब ठेवा, इंधन सांडलेलं असू शकतं. पाती थांबल्यावर आग किंवा इंधनाचा वास नसेल आणि माणसं शुद्धीत असतील, तर मदत येईपर्यंत त्यांना हलवू नका. आग असेल तर पट्टे कापून बाहेर काढा. तुटलेले भाग उचलू नका, फोटोसाठी सरकवू नका. कोणी मोबाइलवर शूटिंग केलं असेल तर ते व्हॉट्सअॅपवर फिरवण्याआधी मूळ फाइल पोलिसांकडे द्या. फिरवलेल्या व्हिडिओचा दर्जा घसरतो, आणि रोटर किती वेगाने फिरत होता हे काढायला तपासकांना मूळ चित्रण आणि आवाज लागतो.